धातूचा भाग न कापता आतली चीर कशी कळते, आणि ‘पास’चा खरा अर्थ काय

जुलै २०२३ मध्ये आरटीएक्स, म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी या विमान-इंजिनं बनवणाऱ्या कंपनीची मूळ कंपनी, हिने एक घोषणा केली आणि जगभरातल्या विमान कंपन्यांची वेळापत्रकं कोलमडली. एअरबसच्या ए-३२० निओ विमानांना बसणाऱ्या त्यांच्या इंजिनांत काही फिरत्या चकत्या धातूच्या भुकटीपासून घडवलेल्या असतात. २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनलेल्या काही भुकटीत सूक्ष्म अशुद्धी शिरली होती. तिच्यामुळे चकतीला अपेक्षेपेक्षा लवकर चीर जाण्याचा धोका होता. शेकडो इंजिनं उतरवून तपासायचं ठरलं, आणि तपासणीच्या रांगेत शेकडो विमानं जमिनीवर उभी राहिली.

ही बातमी वाचताना दोन प्रश्न साहजिकच पडतात. चकती कापल्याशिवाय तिच्या पोटातलं कळतं कसं? आणि या चकत्या बनवतानाही तपासल्या गेल्याच असतील ना, मग तेव्हा काय झालं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात सापडतं. दुसऱ्याचं उत्तर त्याहून महत्त्वाचं आहे, आणि ते क्वचितच कोणी नीट सांगतं. ते कळलं नाही, तर ‘तपासून पास केलेला माल’ या शब्दांवर आपण एक तर आंधळा विश्वास ठेवतो किंवा पहिल्या अपघातानंतर सगळ्यांना चोर ठरवतो. दोन्ही चुकीचं आहे.

तोडून बघितलं की कळतंच की!

कळतं, पण फक्त त्या तोडलेल्या तुकड्याचं. एकाच वेळी वितळवलेल्या पोलादाच्या लॉटमधून नमुना काढून तो यंत्रात ताणून तोडला, तर पोलाद किती ताण सोसतं ते समजतं, आणि हा गुण त्या लॉटमधल्या सगळ्या मालाला साधारण सारखाच लागू पडतो. अशा तोडून केलेल्या चाचण्या रोज होतात आणि त्यांच्याशिवाय कारखाना चालत नाही.

दोषाचं मात्र तसं नसतं. ओतकामात एका जॉबच्या (कारखान्यात घडणाऱ्या भागाला जॉब म्हणतात) पोटात वायूचा बुडबुडा अडकतो, शेजारचा जॉब स्वच्छ निघतो. घडवताना एखाद्याच जॉबमध्ये धातूची घडी आत दुमडली जाते. वेल्डिंगच्या एका थरात स्लॅग (वेल्डिंगची मळी) राहून जातो. ग्राइंडिंग जरा जास्त गरम झालं की पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात. हे त्या त्या जॉबचं नशीब असतं. शंभरातला एक तोडून उरलेल्या नव्व्याण्णवांची खात्री देता येत नाही, आणि जो तोडला तो तर वापरायला उरतच नाही. म्हणून जॉबला धक्का न लावता त्याची तपासणी करायच्या पद्धती निघाल्या. पुस्तकात याला विनानाश चाचणी म्हणतात, कारखान्यात सगळे एनडीटी म्हणतात.

एवढ्याशा चिरेची इतकी धास्ती का, हेही आधी समजून घेऊ. शाम्पूच्या पुडीच्या कडेला बारीकशी खाच दिलेली असते. खाच नसेल तर पुडी दोन्ही हातांनी ओढूनही फाटत नाही. खाच असली की दोन बोटांत टरकन फाटते. प्लास्टिक तेच, जोर उलट कमीच. फरक एवढाच की सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो. धातूतल्या चिरेच्या टोकाशी हेच घडतं. त्यात यंत्राचा भाग एकदाच ओढला जात नाही. चाक फिरतं, इंजिन चालू-बंद होतं, दाब चढतो-उतरतो. प्रत्येक फेरीला चीर किंचित पुढे सरकते. सुरुवातीला इतकी हळू की हजारो फेऱ्यांत फरक दिसत नाही, आणि एका ठरावीक लांबीपुढे गेली की एका झटक्यात आरपार. त्या ठरावीक लांबीला धोक्याची लांबी म्हणू. एनडीटीचा सगळा खटाटोप चीर तिथवर पोहोचायच्या आत ती गाठण्यासाठी असतो.

पृष्ठभागावरची चीर: रंग, चुंबक, विद्युतप्रवाह

सगळ्यात साधी पद्धत रंगाची. कारखान्यात तिला डीपी (डाय पेनेट्रंट, म्हणजे आत शिरणारा रंग) टेस्ट म्हणतात. ती जवळून पाहण्यासारखी आहे, कारण साधी दिसते आणि नेमकी तिथेच फसवते.

आधी जॉब धुऊन, तेल-ग्रीस काढून पूर्ण कोरडा करायचा. मग त्यावर लाल द्रव फवारायचा. हा द्रव इतका पातळ पसरतो की डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेतही आपोआप ओढला जातो. पण त्याला वेळ द्यावा लागतो. दहा मिनिटं तरी थांबायचं. नंतर वरचा रंग पुसायचा. खरी कसोटी इथे असते. सॉल्व्हंट थेट जॉबवर मारला तर काम पटकन होतं, पण चिरेत शिरलेला रंगही धुऊन निघतो आणि जॉब खोटाच स्वच्छ दिसतो. सॉल्व्हंट कापडावर घ्यायचा आणि त्या ओलसर कापडाने पुसायचं. शेवटी पांढऱ्या पावडरीचा पातळ थर फवारायचा, त्याला डेव्हलपर म्हणतात. टिपकागदासारखा तो चिरेतला रंग वर ओढतो. थोड्या वेळात पांढऱ्यावर लाल रेघ उमटते आणि हळूहळू जाड होत जाते. मूळ चीर केसाहून बारीक असली तरी रेघ डोळ्यांत भरते. चीर जितकी खोल तितका रंग जास्त, म्हणून रेघ किती पसरते यावर अनुभवी माणूस चिरेचा अंदाज बांधतो.

मूळ कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वेच्या वर्कशॉपात आस आणि इतर भाग तेलात बुडवून, पुसून, वर खडूचा थर देत. चीर असली की तेल पाझरून खडूवर डाग पडायचा. आज नाजूक कामाला लाल रंगाऐवजी अंधारात अतिनील प्रकाशाखाली चमकणारा द्रव वापरतात.

रंगाची मर्यादा उघड आहे. चिरेचं तोंड पृष्ठभागावर उघडं असेल आणि आत घाण भरलेली नसेल तरच ती दिसते. आतल्या दोषाबद्दल ही पद्धत एक अक्षर बोलत नाही.

लोखंड किंवा साधं पोलाद असेल तर चुंबकाची पद्धत जास्त भरवशाची. जॉब चुंबकित केला की चुंबकीय रेषा त्याच्या आतून वाहतात. वाटेत चीर आली की तिथे त्या बाहेर सांडतात. वर लोखंडाची बारीक भुकटी टाकली की ती नेमकी त्या सांडीवर चिकटते. चीर रेषांना आडवी असली तरच त्या बाहेर सांडतात, समांतर असली तर रेषा शेजारून निघून जातात. म्हणून प्रत्येक जागा दोन आडव्या-उभ्या दिशांनी चुंबकित करावी लागते. एकाच दिशेत उरकलेली तपासणी अर्धी तपासणी असते. अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम किंवा नेहमीच्या स्टेनलेस स्टीलच्या भांडी-टाक्यांच्या जातीला ही पद्धत चालत नाही, कारण ते धातू असे चुंबकित होत नाहीत.

तिसरी पद्धत एडी करंटची. एका छोट्या कॉइलमधून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की जवळच्या धातूत आपोआप वर्तुळाकार प्रवाह तयार होतात. चीर आली की त्या प्रवाहांना वळसा घ्यावा लागतो आणि कॉइलला ते जाणवतं. रंग खरवडायला नको, द्रव नको, आणि अगदी बारीक चीरही पकडता येते. पण खोलवर काही कळत नाही, आणि प्रोब (कॉइल बसवलेली कांडी) जरासा उचलला गेला तरी सिग्नल हलतो. इंजिनाच्या पात्यांची मुळं, बोल्टची भोकं, उष्णता विनिमयकाच्या नळ्या ही तिची खास कामं.

पोटातला दोष: ध्वनी आणि क्ष-किरण

सोनोग्राफी बहुतेकांनी पाहिलेली असते. पोटावर जेल लावून प्रोब फिरवतात आणि आतून परत आलेल्या ध्वनीवरून चित्र उमटतं. धातूची अल्ट्रासोनिक तपासणी हीच आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४० मध्ये धातूतले दोष प्रतिध्वनीने शोधणारं उपकरण पेटंटसाठी दिलं, तेव्हापासून ही पद्धत कारखान्यांत रुळत गेली.

आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. इथला ध्वनी सहसा २० ते १०० लाख हर्ट्झचा असतो. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. समजा १०० मिलिमीटर जाडीचा ठोकळा आहे. ध्वनी तळापर्यंत जाऊन परत यायला साधारण ३४ मायक्रोसेकंद लागतात, आणि त्या जागी स्क्रीनवर तळाचा उभा टोकदार सिग्नल दिसतो. त्याच्या आधी, समजा १७ मायक्रोसेकंदांवर, आणखी एक टोक उठलं, तर ५० मिलिमीटर खोलीवर काहीतरी आहे. तळाचं टोक एकदम खाली बसलं, तर वाटेत काहीतरी ध्वनी अडवतंय किंवा भलतीकडे वळवतंय. शिकलेला माणूस दोन्हीवर नजर ठेवतो. नवखा फक्त नवं टोक शोधत बसतो.

पोलादातून हवेत शिरताना जवळजवळ सगळाच ध्वनी परत फिरतो. म्हणून हवेची अतिपातळ फट असलेली चीरही मोठ्याने उत्तर देते. आणि म्हणूनच प्रोब आणि जॉब यांच्यामध्ये जेल, तेल किंवा पाणी लागतं, नाहीतर ध्वनी जॉबमध्ये शिरण्याआधीच माघारी येतो. चिरेची दोन्ही अंगं दाबाने घट्ट मिटलेली असली तर बराच ध्वनी आरपार निसटतो, आणि असली मिटलेली चीर चकवा देते.

दोष किती लहान दिसेल हे ध्वनीच्या तरंगलांबीवर अवलंबून असतं. ५० लाख हर्ट्झला पोलादात ती १.२ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि तिच्या निम्म्याहून लहान दोष पकडणं अवघड जातं. मग वारंवारता वाढवत का नाही? कारण जितकी जास्त वारंवारता तितका ध्वनी धातूच्या कणांवर आपटून विखुरतो आणि खोलवर पोहोचत नाही. जाड कणांच्या ओतीव मालात हा त्रास इतका असतो की स्क्रीनभर नुसतं गवत उगवल्यासारखं दिसतं.

क्ष-किरणांचं तत्त्व वेगळं. किरण जॉबमधून आरपार जातात आणि मागच्या फिल्मवर किंवा डिजिटल पॅनलवर सावली पाडतात. जिथे पोकळी आहे तिथे धातू कमी, म्हणून जास्त किरण पोहोचतात आणि फिल्मवर काळा डाग येतो. राँटगेन यांनी १८९५ मध्ये हे किरण शोधले तेव्हा हाताच्या हाडांच्या फोटोने जग थक्क झालं. पण त्यांच्या पहिल्याच निबंधात धातूच्या एका तुकड्यातला असमानपणा या किरणांनी दिसल्याची नोंद आहे. वैद्यकाइतकाच हा उपयोगही जुना आहे.

प्रत्येक फिल्मवर जॉबशेजारी बारीक तारांची एक पट्टी ठेवलेली असते, तिला आयक्यूआय म्हणतात. ठरलेली सगळ्यात बारीक तार फिल्मवर दिसली तरच ती फिल्म वाचायला लायक. तार दिसत नसेल, तर ‘दोष दिसला नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. तपासणीचीच तपासणी आधी करायची, ही शिस्त मला या धंद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. अल्ट्रासोनिकमध्येही तेच: ठरलेल्या मापाचं भोक पाडलेल्या ठोकळ्यावर आधी यंत्र जुळवून घ्यायचं, मगच जॉबला हात लावायचा.

जॉब गोल फिरवत शेकडो दिशांनी क्ष-किरण चित्रं घेऊन संगणकाने त्यांचं त्रिमितीय रूप बांधलं की झालं सीटी स्कॅन. थ्रीडी प्रिंटरवर बनलेल्या, आत वेड्यावाकड्या वाटा असलेल्या धातूच्या भागांना आज बऱ्याचदा याशिवाय पर्याय नसतो, कारण तिथे प्रोब पोहोचत नाही. पण जाड पोलादातून किरणच पार होत नाहीत, तेव्हा सीटीही सगळ्यावरचं औषध नाही.

दिशा चुकली की दोष अदृश्य

इथवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली, तीच या विषयाची किल्ली आहे. प्रत्येक पद्धतीला काही दिशांचे दोष दिसतात आणि काही दिसत नाहीत.

क्ष-किरणांच्या वाटेला समांतर उभी असलेली चीर फिल्मवर छान उमटते, कारण किरणांना चिरेच्या पूर्ण उंचीइतका धातू कमी लागतो. तीच चीर आडवी झोपलेली असेल तर वाटेतली तिची जाडी नगण्य, आणि फिल्म कोरी. ध्वनीचं बरोबर उलटं. आडवी झोपलेली चीर आरशासारखी ध्वनी परत पाठवते, उभी चीर प्रोबला जवळजवळ दिसत नाही. म्हणून महत्त्वाच्या वेल्डवर दोन वेगवेगळ्या पद्धती लावतात, किंवा ध्वनी तिरका सोडून अनेक कोनांतून बघतात. सुरुवातीला उल्लेख केलेल्या इंजिन-चकत्यांसाठी जी फेरतपासणी ठरली, तीसुद्धा तिरक्या कोनातून केलेल्या अल्ट्रासोनिक स्कॅनची आहे.

आकाराचाही अडसर असतो. प्रोबच्या अगदी लगतच्या थरात यंत्राच्या स्वतःच्या ठोक्याचाच गोंगाट असतो, तिथला दोष त्यात बुडतो. वळणं, खाचा, पातळ कडा असल्या की ध्वनी भलतीकडे जातो. यावर उपाय असा, की चकतीसारखा जॉब शेवटच्या आकाराला आणण्याआधीच, सपाट बाजूंचा जाड ठोकळा असताना तपासायचा आणि गोंगाटाचा वरचा थर नंतर मशीनवर काढून टाकायचा. म्हणजे तपासणीचा विचार डिझाइनच्या कागदावरच व्हायला हवा. जो भाग तपासताच येत नाही असा कोणी आखला, तर नंतर कितीही महागडं यंत्र आणा, उपयोग नाही.

‘पास’ म्हणजे निर्दोष का?

नाही. पास याचा अर्थ असा: या पद्धतीने, या दिशांनी, या भागात बघितलं, आणि ठरलेल्या मापापेक्षा मोठं काही आढळलं नाही. यातला एकही शब्द गाळता येत नाही.

पद्धत विकणारे हमखास सांगतात की आमचं यंत्र इतकी बारीक चीर पकडतं. ते खरंही असतं, एखाद्या वेळी, स्वच्छ जॉबवर, चांगल्या उजेडात. पण विमानात बसणाऱ्यासाठी प्रश्न वेगळा आहे: नेहमीच्या कामात हातून निसटू शकेल अशी सगळ्यात मोठी चीर केवढी? अभियंते या दुसऱ्या आकड्यावर गणित मांडतात.

तो आकडा काढण्यासाठी मुद्दाम चिरा पाडलेले नमुने तपासनिसांना देतात आणि कोणती चीर किती वेळा सापडते ते मोजतात. चीर जितकी मोठी तितकी सापडण्याची शक्यता जास्त, पण ही चढण हळूहळू वर जाते. अमुक मापाखाली शून्य आणि त्यावर शंभर टक्के अशी पायरी तिथे नसते. एखादी चीर दहापैकी नऊ वेळा सापडते हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं असेल, तर त्या मापाच्या २९ चिरांपैकी २९ सापडाव्या लागतात. एक जरी सुटली तर नमुने वाढवून ४६ पैकी ४५ करून दाखवायच्या. इतकं करूनही दावा दहापैकी नऊचाच राहतो, हे लक्षात घ्या.

तपासूनही अपघात होतात ते कसे?

१९ जुलै १९८९ ला अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती हवेत फुटली. तिच्या तुकड्यांनी विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) व्यवस्था निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं, हे अचाट कौशल्याचं काम होतं. तरी २९६ पैकी ११२ जणांचा जीव गेला.

चकती टायटॅनियमच्या मिश्रधातूची होती. धातू वितळवताना नायट्रोजन जास्त झालेला एक कडक, ठिसूळ कण त्यात राहिला होता. घडवल्यावर अल्ट्रासोनिक तपासणी झाली, तीत तो कळला नाही. त्या जागेपासून चीर सुरू झाली आणि वर्षानुवर्षं वाढत गेली. अपघाताच्या ७६० उड्डाणं आधी चकती दुरुस्ती केंद्रात आली होती आणि चमकणाऱ्या द्रवाने तपासलीही होती. तेव्हा पृष्ठभागावर ती चीर सुमारे अर्धा इंच लांब असावी, असं तपास मंडळाचं अनुमान आहे. अर्धा इंच! एवढी चीर सापडायला हवीच होती. मंडळाने अपघाताच्या कारणात मानवी मर्यादांचा पुरेसा विचार न झाल्याचं स्पष्ट लिहिलं. चकती टांगून तपासताना आधाराची केबल नेमकी मधल्या भोकातून जात होती आणि तो भाग झाकला गेला असावा, ही शक्यताही नोंदवली गेली.

मानवी मर्यादा म्हणजे आळस किंवा बेपर्वाई असा अर्थ कोणी घेऊ नये. समजा १०,००० जॉब आहेत आणि त्यांतल्या दहांनाच चीर आहे. तपासनीस दहापैकी नऊ पकडतो, आणि चांगल्या जॉबवर चुकून बोट ठेवण्याचं त्याचं प्रमाण फक्त १ टक्का आहे, म्हणजे माणूस उत्तम आहे. तरी त्याने बाजूला काढलेल्या सुमारे १०९ जॉबपैकी १०० चांगलेच निघतील. म्हणजे त्याने शंका घेतली की बहुतेक वेळा ती खोटी ठरणार, आणि उत्पादनाची घाई असलेला वरिष्ठ त्याला ऐकवणार. दुसरीकडे, तास-तास अंधाऱ्या खोलीत बसून एकही चीर दिसत नाही. ‘इथे काही नसतंच’ हे मनाला अनुभवानेच शिकवलं जातं. अशा परिस्थितीत नजर जागी ठेवणं हे फार कष्टाचं काम आहे. त्याला विश्रांतीच्या वेळा, कामाची अदलाबदल आणि मधूनमधून मुद्दाम घातलेले चिरेचे नमुने लागतात. जो तपासनीस खोट्या शंकेबद्दल बोलणी खातो, तो पुढच्या वेळी शंका घेणार नाही, आणि हा तोटा कोणत्याही हिशोबात दिसत नाही.

पद्धत बदलणंही कधी गरजेचं ठरतं. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानाचं पंख्याचं एक पातं मुळाशी तुटलं आणि एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. ते पातं २०१२ मध्ये द्रवाच्या पद्धतीने तपासलं होतं. चीर तेव्हाच सुरू झालेली असून निसटली असण्याची दाट शक्यता तपासात समोर आली. दरम्यान अशाच पात्यांसाठी दुरुस्तीच्या वेळी एडी करंटची तपासणी आणली गेली होती, पण हे पातं त्याआधीच्या फेरीतलं होतं.

मग भरवसा कशाच्या जोरावर?

या प्रश्नाचं उत्तर एका लढाऊ विमानाने दिलं. डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एफ-१११ विमानाचा पंख उड्डाणात तुटला. विमान नवं होतं, जेमतेम शंभरेक तास उडालेलं. पंखाच्या सांध्याच्या पोलादी भागात घडवतानाच पडलेला दोष होता आणि तो कारखान्यातल्या तपासण्यांतून निसटला होता. तोवर हिशोब असा होता की भाग निर्दोष निघतो आणि मग त्याचं आयुष्य मोजायचं. त्यानंतर हवाई दलाने गृहीतकच उलटं केलं: भागात पहिल्या दिवसापासून चीर आहे असं धरा, आणि ती आपल्या तपासणीतून निसटू शकेल इतकी मोठी धरा. ती वाढत वाढत धोक्याच्या लांबीला पोहोचायला किती वेळ लागेल ते काढा. त्या वेळात किमान दोनदा तरी तपासणी होईल असं वेळापत्रक आखा. एकदा सुटली तर पुढच्या वेळी ती मोठी झालेली असेल आणि सापडायला सोपी.

त्या एफ-१११ विमानांना आणखी एक परीक्षा लावली गेली. उणे ४० अंशांपर्यंत थंड करून पंखांवर मोठा भार दिला जाई. थंडीत ते पोलाद ठिसूळ होतं आणि लहान चीरही सहन करत नाही. जो सांधा त्या थंडीत टिकला, त्यात मोठी चीर नाही हे सिद्धच झालं. न दिसणाऱ्या चिरेलाच बोलतं करायची ही युक्ती मला फार आवडते.

जरा शंका आली की फेकून का देत नाहीत?

कारण यंत्राची संवेदनशीलता वाढवत नेली तर प्रत्येक जॉबमध्ये काही ना काही दिसतं. पूर्ण एकसंध धातू अस्तित्वात नाही. म्हणून दिसलेल्या खुणेला आधी ‘इंडिकेशन’ म्हणतात, दोष म्हणत नाहीत. ती कुठे आहे, केवढी आहे, गोल आहे की लांबट, यावरून तिला मान्यता किंवा नकार मिळतो आणि हे निकष आधी लिहून ठेवलेले असतात. गोल बुडबुडा त्याच मापाच्या टोकदार चिरेपेक्षा खूप कमी घातक. वेल्डमधला निरुपद्रवी बुडबुडा खोदून पुन्हा वेल्ड केलं, तर नव्या उष्णतेने खरी चीर जायची भीती असते. विनाकारण केलेली दुरुस्ती कधीकधी मूळ दोषापेक्षा महागात पडते.

संगणकावर सोपवलं तर?

बरंचसं सोपवलेलंच आहे. नळ्या, रेल्वेचे रूळ, इंजिनाच्या चकत्या यंत्रावर आपोआप स्कॅन होतात आणि सगळा डेटा साठतो. हा फायदा मोठा आहे: शंका आली तर पाच वर्षांपूर्वीचा स्कॅन पुन्हा उघडता येतो, डीपीची पुसलेली रेघ परत आणता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेपुढची अडचण वेगळी. तिला शिकवायला खऱ्या दोषांची भरपूर चित्रं हवीत, आणि चांगल्या कारखान्यात खरे दोष दुर्मीळच असतात. शिवाय कधीच न पाहिलेल्या जातीचा दोष समोर आला तर ती काय करेल हे आधी सांगणं कठीण. थकवा न येणारी दुसरी नजर म्हणून ती उत्तम. निकालाची सही मात्र प्रशिक्षित माणसाचीच हवी. आयएसओ ९७१२ सारख्या मानकांनुसार या माणसांच्या तीन पातळ्या असतात, परीक्षा असते, आणि जवळचं नीट दिसतं का हे ठरावीक काळाने तपासलं जातं.

क्ष-किरण मारलेला जॉब किरणोत्सारी होतो का?

नाही. नेहमीच्या औद्योगिक क्ष-किरण आणि गॅमा किरण तपासणीत किरण निघून जातात, मागे काही उरत नाही. धोका असतो तो तपासणी चालू असताना जवळ असणाऱ्यांना. साइटवर अनेकदा इरिडियम-१९२ चा छोटा स्रोत वापरतात. तो बंद करता येत नाही, फक्त जाड कवचात परत ओढता येतो. हा स्रोत कवचाबाहेर राहून गेल्याने जगात अनेकदा माणसं भाजली आणि दगावलीही आहेत. म्हणून गॅमा रेडिओग्राफी चालू असल्याची दोरी बांधलेली दिसली की ती ओलांडायची नाही.

रिपोर्ट हातात आला तर काय बघायचं

खरेदी खात्यातला माणूस बहुधा शेवटची ओळ वाचतो: ‘स्वीकार्य’. त्याआधी चार गोष्टी बघायला हव्यात. कोणती पद्धत, कोणत्या लेखी कार्यपद्धतीनुसार. कोणत्या निकषाने पास केलं, कारण निकष सैल असेल तर पास होणं सोपं. यंत्र कशावर जुळवून घेतलं आणि कोणत्या तारखेला. सही करणाऱ्याची पातळी कोणती, आणि ती याच पद्धतीची आहे का. अल्ट्रासोनिकचा प्रमाणित माणूस आहे म्हणून क्ष-किरण फिल्मवर त्याची सही चालत नाही.

आणि सगळ्यात आधी शोधावा असा रकाना म्हणजे किती भाग तपासता आला. चांगला तपासनीस तिथे लिहितो की फ्लॅंजजवळचा (जोडाच्या रुंद कडेजवळचा) इतका पट्टा प्रोब बसत नसल्याने स्कॅन झालेला नाही. असा रिपोर्ट बघून काही जण नाराज होतात आणि पूर्ण तपासलेला रिपोर्ट आणा म्हणतात. खरं तर त्याच ओळीमुळे डिझाइनच्या माणसाला ठरवता येतं की तो पट्टा दुसऱ्या पद्धतीने बघायचा, की तिथला ताण कमी असल्याने सोडून द्यायचा. रकाना कोरा असेल किंवा डोळे झाकून ‘शंभर टक्के’ लिहिलेलं असेल, तर सही करणाऱ्याला फोन करून विचारावं की फ्लॅंजच्या कडेला प्रोब नेमका कसा बसवला.